पंजाबरावांची उथळ विहीर

जानेफळचे पंजाबराव कुठंच थांबत नाहीत. पंगतीत वाढायला उभे राहिले की पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून बुंदी सोडतात. बोलायला लागले की ऐकणाऱ्याच्या चहावर साय धरते. आणि विहिरीत उतरले की पाणी लागल्यावरही खणतच राहतात. यातली शेवटची सवय मात्र शहाणपणाची. पहिल्या पाण्याशी थांबलेली विहीर आमच्याकडे होळीच्या आत कोरडी पडते, हे तालुक्यात कोणाला सांगावं लागत नाही.

आमच्या आश्रमाचं सेवापथक आफ्रिकेत, केनियाच्या किनाऱ्यावर दवाखाना उघडायला निघालं, तेव्हा पथकप्रमुख डॉक्टर हिमानी यांनी पाण्याच्या कामासाठी पंजाबरावांना घेतलं. मी गावच्या शाळेतला गुरुजी, इंग्रजी बोलण्या-लिहिण्यापुरता सोबत. गावात चेष्टा सुरू झाली.

"काऊन बे पंजाब, समुद्राच्या काठी विहीर खंदाले चाल्ला?"

"तू समुद्राचं पेऊन पाह्य बापा एक गिलास. मंग बोलू."

पूजेसाठी त्यांनी मेहकरहून नारळ घेतला होता. तो विमानतळावर काढून घेतला, म्हणून वाटभर हळहळले. आणि उतरलो ते गाव म्हणजे नारळाचं बनच! पंजाबराव वर बघत राहिले. मग झाडांपलीकडे समुद्र दिसला, तसे चपला हातात घेऊन पळत सुटले. "गुरुजी, याले पल्याडचा काठच नाही!" साठी ओलांडलेला माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून हसत होता.

गाव कोळ्यांचं, बहुतेक मुसलमान वस्ती. चहाला तिथंही चाय म्हणतात, औषधाला दावा आणि चपातीला चपातीच. पंजाबरावांना पहिल्याच संध्याकाळी घरच्यासारखं वाटू लागलं. पण गावातले थोरले सावध होते. शाळेतले शिक्षक सलीम यांनी त्यांचं बोलणं मला इंग्रजीतून समजावलं. मागे एक पथक आलं होतं. त्याला पाणी सापडलं नाही, ते निघून गेलं आणि बांधलेल्या खोल्या तशाच ओस पडल्या. आता शुक्रवारच्या नमाजापर्यंत गोडं पाणी दाखवा, तरच त्या खोल्यांची किल्ली मिळेल.

"शुक्रवार?" पंजाबराव म्हणाले. "त्याच्या आतच पाजतो म्हणा त्याईले!"

तिथली जमीन पांढरी, सच्छिद्र. टिकाव मारला की खडूसारखी सुटायची. गावातले चार तरुण हाताशी आले. दुसऱ्याच दिवशी दुपारी, छातीएवढ्या खोलीवर पाणी झिरपू लागलं. गोडं! पोरं नाचू लागली. हिमानीताईंनी दवाखान्याची पाटी पुसून भिंतीशी उभी केली.

पंजाबरावांनी पुन्हा टिकाव उचलला.

शेजारी चहाची टपरी चालवणारी म्वानाइशा धावत आली. धिप्पाड बाई, आवाजही तसाच. "बासी! बासी!" ती हात हलवून ओरडत होती. पुरे, थांबा, असं ती म्हणते आहे, हे सलीमनं सांगितलं. ते सांगायची गरजही नव्हती.

"काय म्हन्ते हे बाई? अव माय, हे त निसता झिरा हाय. खरं पाणी खाली रायते," असं म्हणत पंजाबराव दिवस मावळेपर्यंत आणखी पुरुषभर खाली गेले.

बुधवारी सकाळी विहीर काठोकाठ नाही, पण चांगली कमरेएवढी भरली होती. पंजाबरावांनी ओंजळ तोंडाला लावली आणि तशीच थुंकली. मी चाखून पाहिलं. समुद्र आणि ते पाणी यात फरक नव्हता.

ते नारळाखाली जाऊन बसले. न्याहारीची चपाती तशीच राहिली. "आलेलं पाणी मी माह्या हातानं घालवलं, गुरुजी. आता दवाखानाबी माह्यापायी जाते."

म्वानाइशा चहा घेऊन आली. रागावलेली होतीच, पण आधी कप हातात दिला. मग कपावरची साय बोटानं अलगद उचलून दाखवली आणि खालच्या चहाकडे बघून तोंड वाकडं केलं. सलीमनं सांगितलं, इथं गोडं पाणी असंच वर तरंगतं. खारं त्याच्या खाली. जास्त खोल गेलं की खालचं वर येतं.

पंजाबराव साईकडे बघत राहिले. एकदम उठले.

"म्हन्जे खाली जायाचंच नाही! आडवं जाऊ! आपून विहिरीत आडवे बोअर मारत नाही काय?"

खारी विहीर बुजवून टाकली. समुद्रापासून आणखी लांब, शाळेमागे, नवा खड्डा घेतला. तोंड रुंद, तळ उथळ, आणि पाणी दिसताच त्याच पातळीवरून दोन्ही बाजूंना हातभर रुंदीचे चर. म्वानाइशा टपरी बंद करून काठावर स्टूल टाकून बसली होती. हातात करवंटीची पळी. दर थोड्या वेळानं पाणी चाखायची, मान डोलवायची. एकदा पंजाबरावांचा टिकाव जरा खाली वळला.

"बासी!"

टिकाव हवेतच राहिला. तरुणांना हसू आवरेना.

"हाव माय, हाव! थांबलो!"

शुक्रवारी नमाज झाल्यावर थोरले आले. सगळ्यात म्हाताऱ्यानं पळीभर पाणी घेतलं, जिभेवर घोळवलं, आणि पुन्हा पळी पुढे केली. दुसऱ्यांदा प्याला, तेव्हा पोरांनी एकच गलका केला. किल्ली त्यानं हिमानीताईंच्या हाती दिली. पाटी लावायला खुर्चीवर पंजाबरावच चढले.

तिथूनच त्यांनी घरी फोन लावला. त्यांच्या बायकोचा, मंजुळाबाईंचा, आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"लागलं काय पाणी?"

"लागलं ना! गोड हाय, आपल्या जानेफळासारखं."

"किती खोल गेले?"

पंजाबराव घुटमळले. "छातीएवढं."

"अन् थांबले? तुम्ही?"

"हाव. इथल्या एका बाईनं थांबवलं."

मंजुळाबाई म्हणाल्या, "मले त जलमात जमलं नाही. द्या बरं तिले फोन."