जिन्सीच्या गावाला दोन दिवस

शनिवारी सकाळी कामोठ्याहून निघताना माझ्या पर्समध्ये दोन कागद होते. एक माझ्या मुलीनं, केतकीनं, तयार करून दिलेला: दोन दिवसांचा तासातासाचा कार्यक्रम, कुठे काय बघायचं, कुठे जेवायचं, औषधं कधी घ्यायची. दुसरा म्हणजे वहीचं फाडलेलं अर्धं पान. त्यावर माझ्याच अक्षरात तीन ओळी होत्या. जिन्सी, फोर्ट कोची. वडील जोसेफ. चिनी जाळी ओढतात.

खरं तर सगळी सहल या अर्ध्या पानासाठी होती.

दोन वर्षांपूर्वी मला न्यूमोनिया झाला. शाळेत परीक्षा चालू होत्या, चौथीच्या वर्गाला सोडून घरी बसवत नव्हतं, म्हणून ताप अंगावर काढला. मग एके दिवशी फळ्यासमोर उभी असताना श्वासच पुरेना. पुढचे एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात. चष्मा काढून ठेवलेला, प्रत्येकाच्या तोंडाला मास्क. मला माणसं अशी दिसतच नव्हती, नुसते निळे-हिरवे आकार हलायचे. त्यातला एक आकार माझ्याशी बोलायचा.

"काकू, आता झोपू नको. आयक. आमच्या गावात जाळी हाय, घराएवढी मोठी. चार माणसं ओढतात तेव्हा वर येते. आयकते ना? मान हलव."

मी मान हलवायची. तिनं मला तिचं अख्खं गाव सांगितलं: समुद्राच्या तोंडाशी उभी जाळी, घराच्या दारातून दिसणारी जहाजं, मसाल्याच्या गोदामांचा वास. एकदा माझे केस विंचरून तिनं दोन वेण्या घातल्या, गुंता होऊन कापावे लागू नयेत म्हणून. मी बरी होऊन साधारण वॉर्डात आले, तेव्हा तिची ड्यूटी बदलली होती. तीन महिन्यांनी पेढे घेऊन गेले, तर ती नोकरी सोडून गावी गेलेली. तिच्या एका मैत्रिणीनं जेवढं सांगितलं, तेवढं मी त्या अर्ध्या पानावर उतरवून घेतलं. फोन नंबर बंद होता.

"पत्ता नाही, नंबर नाही. एवढ्या मोठ्या शहरात शोधणार कुठे तिला?" प्रकाश म्हणाले. प्रकाश म्हणजे माझे यजमान. मूळचे मालवणचे, तळोज्याच्या कारखान्यात नोकरीला, सुट्टी फक्त शनिवार-रविवार.

"जाळ्यांपाशी विचारू. नाही मिळाली तर गाव बघून येऊ."

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटी घालून: दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, सामान उचलायचं नाही, जिने शक्यतो टाळायचे. मग केतकीनं सूत्रं हातात घेतली. आमच्या डायनिंग टेबलावर आठवडाभर कोचीचा नकाशा पसरलेला होता. डाळ वाढताना तो उचलायचा, जेवण झालं की परत पसरायचा. तिच्या कागदात जिन्सीसाठी रविवारी सकाळी दोन तास राखून ठेवले होते. पुढे कंसात लिहिलं होतं: जमल्यास.

आमच्यापासून जवळच झालेल्या नव्या विमानतळावरून विमान सुटलं. तिथला डोंगर फोडत होते तेव्हा आमच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि मी वैतागायची. आज मात्र घरातून चहा पिऊन निघाले आणि अर्ध्या तासात रांगेत उभी होते. मनातल्या मनात सगळ्या सुरुंगांना माफ केलं.

कोचीचा विमानतळ शहरापासून बराच लांब आहे. आमच्या टॅक्सीवाल्यानं वैपिन बेटाचा रस्ता धरला आणि शेवटी गाडी सरळ एका जंकारवर (गाड्या वाहून नेणारी सपाट फेरीबोट) चढवली. मी खाली उतरून कठड्याशी उभी राहिले. खाडीचं तोंड, पलीकडे उघडा समुद्र, आणि समोरच्या काठावर ओळीनं ती जाळी. प्रचंड लाकडी वासे, त्यांना कोळ्याच्या जाळ्यासारखी ताणलेली झोळी, मागे दोरांना बांधलेले दगड. त्यातलं एक हळूहळू पाण्यात वाकलं, थोडा वेळ थांबलं आणि पाणी निथळत वर आलं. डोळ्यांवर चष्मा असूनही मला नीट दिसेना. प्रकाश माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

राहण्याची व्यवस्था एका जुन्या घरात होती. पोचल्यावर कळलं की आमची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि जिना लाकडी, उभा, शिडीसारखा. केतकीनं फोटो पाहून खोली ठरवली होती, जिना फोटोत नव्हता. मी दोन पायऱ्या चढून थांबले. घरमालकीण साठीच्या बाई होत्या. त्यांनी माझ्या छातीकडे बोट दाखवून विचारलं, "ब्रीदिंग?" मी हो म्हटलं. त्या आत गेल्या, स्वतःच्या खोलीतल्या उशा उचलून जिन्याकडे निघाल्या. त्यांनी आपली तळमजल्यावरची खोली आम्हाला दिली होती. मी नको नको म्हणत राहिले. "टू नाइट्स, नो प्रॉब्लेम," म्हणाल्या. आमची एकच रात्र आहे हेही त्यांनी नीट ऐकलं नव्हतं.

दुपारी जेवायला बाहेर पडलो. मट्टा भात (तांबूस, जाड दाण्याचा भात), माशांचं आंबट लाल कालवण, आणि पेल्यात गुलाबी, कोमट पाणी. मी पेला हळूच बाजूला सारला. पाइपांचा गंज उतरला असेल असं वाटलं. वाढणाऱ्या माणसानं हसून पातिमुगम असं काहीतरी सांगितलं (पाणी उकळताना घालायची एका औषधी लाकडाची ढलपी). मग मी तीन पेले प्यायले.

केतकीच्या कागदाप्रमाणे त्यानंतर मट्टांचेरीत ज्यू लोकांचं जुनं प्रार्थनास्थळ होतं. रिक्षानं पोचलो तर दार बंद. शनिवार हा त्यांचा पवित्र वार. आमच्या आठवडाभराच्या नियोजनात एवढी साधी गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. प्रकाश हसायला लागले. "बरं झालं. आता कागद ठेव आणि जाळ्यांकडे चल."

जाळ्यांपाशी बारीक मासळी विकायला बसलेले लोक होते. दोर ओढून दमलेली चार-पाच माणसं फळीवर टेकली होती. त्यातल्या एकाला हिंदी येत होतं. मी विचारलं, "जिन्सी नावाची नर्स माहीत आहे का? मुंबईला होती."

त्यानं बाकीच्यांना सांगितलं. ते सगळे हसले.

"मॅडम, इधर चार जिन्सी है. तीन नर्स है."

"वडील जोसेफ. इथेच जाळी ओढतात."

आता हसू थांबलं. आपसात बोलणं झालं. जोसेफ चेट्टन (दादा) आता जाळ्यावर येत नाहीत, खांदा गेला. घर बदललं, कुठे ते नक्की माहीत नाही, पण चेरलाय भागात पापडवाल्यांच्या गल्लीत त्यांची बायको कामाला जाते. एवढं सांगून त्यानं मला जाळ्याच्या फळीवर बोलावलं आणि दोर हातात दिला. चार माणसांत पाचवी म्हणून मी दोर नुसता धरला. जाळं वर आलं. आत मूठभर मासे आणि एक प्लास्टिकची बाटली होती. सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

रविवारी सकाळी नाश्त्याला पुट्टू (बांबूच्या नळीत वाफवलेला तांदळाच्या पिठाचा लांबट मोदकासारखा प्रकार, पण सारण नसलेला) आणि काळ्या चण्यांची उसळ खाऊन चेरलायला गेलो. एका अंगणात पापड वाळत घातले होते आणि एक म्हातारी काठी घेऊन कावळे हाकत होती. माझ्या हिंदीचा तिच्यावर काही परिणाम होईना. प्रकाश मला मालवणीत म्हणाले, "हिका काय्येक समाजत नाय."

म्हातारीनं काठी खाली ठेवली. "तुम्मी खंयचे?"

ती कोकणी होती. तिचे पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी गोव्याकडून तिथे आलेले. तिची कोकणी आणि यांची मालवणी यांत बरंच अंतर होतं, तरी दोघं असे बोलायला लागले की मला वाटलं आता आमचं विमान चुकणार. अर्धं कळत होतं, अर्धं हातवाऱ्यांनी. तिनं आम्हाला कैरीचं पन्हं दिलं, जोसेफच्या बायकोला फोन लावला, सुनेला रिक्षा आणायला पाठवलं आणि रिक्षावाल्याकडून पत्ता तीनदा घोकून घेतला. निघताना पापडाची पुडी माझ्या पर्समध्ये कोंबली. मी वाकून नमस्कार केला, तर तिनं माझ्या गालावरून हात फिरवला.

वेळी नावाच्या वस्तीत, समुद्राजवळ, कौलारू घर. दार उघडं होतं. आतून कोणीतरी कोणावर तरी मल्याळममध्ये ओरडलं. शब्द एकही कळला नाही. पण आवाज तोच होता.

ती बाहेर आली. तिशीतली, सावळी, चर्चहून येऊन नुकती न्हालेली असावी, केसांना पंचा गुंडाळलेला. मी तिचा चेहरा पहिल्यांदाच पाहत होते.

"जिन्सी, मी कामोठ्याची शिक्षिका. न्यूमोनिया. एकोणीस दिवस होते. तू मला वाचवलंस गं."

ती हसली, नम्रपणे. प्रकाशनी मोबाइलमधला माझा घरी सोडतानाचा फोटो काढून दाखवला. तिनं तो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग फोन परत दिला.

"काकू, मी खोटं नाय बोलणार. मला तुमी आठवत नाय."

दोन वर्षं मी या भेटीची मनात उजळणी केली होती. ती मला मिठी मारेल, वेण्यांची गोष्ट काढेल, असं सगळं. प्रकाश चपला शोधायला लागले. तेवढ्यात तिची आई खुर्च्या घेऊन आली आणि बसावंच लागलं.

"कुठला बेड होता?" जिन्सीनं विचारलं.

"खिडकीजवळचा."

"त्या बेडवर एक अंकल होते, पनवेलचे. दाढी होती. एक कॉलेजची मुलगी होती, तिची आई बाहेर डबा घेऊन बसायची. एक रिक्षावाला होता." ती जमिनीकडे पाहून बोलत होती. "जे गेले ना काकू, ते सगळे याद हाय. नावाबरोबर. जे चालत घरी गेले, ते नाय राहत. दुसऱ्या दिवशी तिथे नवा पेशंट असतो."

मग तिनंच सांगितलं. तिला झोप लागेनाशी झाली होती. म्हणून नोकरी सोडली. इथे आल्यापासून शिवण शिकते. परदेशातल्या नोकरीचा फॉर्म भरून ठेवलाय, पाठवलेला नाही.

तिच्या आईनं काहीतरी विचारलं. जिन्सी म्हणाली, "आई विचारते, मी तुमाला काय केलं."

घरात तिनं कधी काही सांगितलंच नव्हतं. मग मी सांगायला लागले. चष्मा नव्हता तिथपासून. तिचा आवाज, तिचं गाव, वेण्या, माझी नखं कापली ते, मी पाणी मागून रडले तेव्हा ओला कापूस ओठांना लावून बसून राहिली ते. मी पाच-सहा वाक्यं बोलायची, जिन्सी मान खाली घालून मल्याळममध्ये दोन शब्द बोलायची.

कोपऱ्यात खाटेवर तिचे वडील, जोसेफ, बसले होते. एक खांदा उतरलेला. ते हिंदीत म्हणाले, "मॅडम लंबा बोला. तू छोटा बोली. पूरा बोल."

जिन्सीनं पहिल्यापासून सुरुवात केली. स्वतःची गोष्ट, माझ्या तोंडची, आईला सांगत गेली. ओल्या कापसापाशी आल्यावर तिला पुढे बोलता येईना. तिची आई उठली आणि लेकीच्या डोक्यावरचा पंचा सोडून तिचे केस पुसत उभी राहिली.

थोड्या वेळानं जिन्सीनं डोळे कोरडे केले, माझ्यामागे आली, पाठीला कान लावला. "जोरात श्वास घे. परत." मग म्हणाली, "खाली थोडा आवाज हाय. तीन बॉलवाली ती श्वासाची फुंकणी रोज करते का?"

"माळ्यावर ठेवलीय," मी कबूल केलं.

"माळ्यावर?" असा दम मिळाला की प्रकाशसुद्धा सरळ बसले. दोन वर्षं तेही मला हेच सांगत होते.

त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना मी पेढ्यांचा डबा दिला. तो देताना मी तिला विचारलं नाही की फॉर्म पाठवणार का. तो माझा प्रश्न नव्हता. रिक्षा वळेपर्यंत ती दारात उभी होती आणि आई तिच्या दंडाला धरून काहीतरी सारखं विचारत होती.

संध्याकाळच्या विमानात प्रकाशना झोप लागली. मी खिडकीशी बसून होते. तिच्या सांगण्यातली माणसं माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती: पनवेलचे काका, कॉलेजची मुलगी, डबा घेऊन बसलेली तिची आई. मी झोपले होते त्याच बेडवर. ते घरी गेले नाहीत आणि मी दोर ओढून, पुट्टू खाऊन, नवऱ्याशेजारी बसून परत चालले होते. एवढं सगळं मला मिळालं होतं. हात जोडावेसे वाटले, ते जोडले.

सोमवारी शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षिका माझ्याभोवती जमल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, तिकिटं काढल्यापासून त्या रोज विचारत होत्या.

"सापडली का तुमची नर्स?"

"सापडली."

"मग? ओळखलं ना तिनं?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं माझा हात हातात घेतला, चेहऱ्यावर हळहळ. मला मात्र हसू आवरेना. घंटा व्हायला अजून दहा मिनिटं होती. मी खुर्ची पुढे ओढली आणि मी चालत घरी गेले म्हणूनच तिला आठवत नाही, हे त्यांना नीट समजावून सांगायला लागले.