कुहीहून आणलेली भारी गाडी

शहरात चालवायला आणि हायवेला पळवायला स्वस्तातली क्रूझर कोणती घ्यावी, असं तुमच्यापैकी काही जणांनी विचारलं आहे. नव्या गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही. पण अशीच एक गाडी घ्यावी की नाही हे ठरवायला ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी दोन दिवस वणवण केली होती, ती सांगतो. क्रूझर हा शब्द तेव्हा नागपुरात कुणी ऐकला नव्हता. लांब, जड आणि गल्लीच्या तोंडाशी आली की घरातली भांडी थरथरवणारी ती 'भारी गाडी', एवढंच.

हौस म्हणून गाडी घेण्याची माझी ऐपत नव्हती. मी नागपुरात विम्याच्या कचेरीत कारकून होतो आणि बायको कुसुम सावनेरच्या शाळेत शिक्षिका. ती आमच्या लहान मुलीला घेऊन सावनेरला राहायची, मी नागपूरच्या महाल भागातल्या एका खोलीत, आणि संसार रविवारचा. सकाळची एस.टी. कचेरीच्या वेळेत पोचवत नव्हती, म्हणून रोज ये-जा जमत नव्हती. स्कूटरसाठी नंबर लावून ठेवला होता, पण तो लागेपर्यंत मुलगी मॅट्रिक झाली असती. एका रविवारी मुलीनं दार उघडलं, मला पाहिलं आणि आत ओरडून सांगितलं, 'आई, पाहुणे आले.' त्याच आठवड्यात मी गाडी शोधायला लागलो.

कचेरीतल्या एकानं कुहीचा पत्ता दिला. डोमाजी नावाचे धानाचे शेतकरी आहेत, त्यांच्याकडे भारी गाडी आहे आणि ते ती जवळजवळ निम्म्या किमतीत काढताहेत म्हणे. निम्मी किंमत ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण मी वांगं घेतानाही देठ उचलून बघणारा माणूस, मला पहिला प्रश्न पडला तो हा की निम्म्यात का?

शनिवारी अर्धी रजा टाकून कुहीची एस.टी. पकडली. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. उमरेड रोडनं पाचगावपर्यंत रस्ता बरा होता, तिथून आत वळल्यावर बस इतकी उडायची की मागच्या सीटवरच्या बाईची कोंबडी दोनदा माझ्या मांडीवर आली. दोन्ही बाजूंना धान कापायला आलं होतं. जाणाऱ्यांनी पोट भरूनच निघावं, कारण तेव्हा कुहीच्या स्टँडवर चहा आणि शेवचिवडा यापलीकडे काही मिळत नसे.

डोमाजी साठीचे, धोतर-बंडीतले, मोजकं बोलणारे. गाडी कोठ्यात बैलांशेजारी उभी होती आणि मला जे जे खटकायचं ते लगेच खटकायला लागलं. कोठ्यात धूळ, पण गाडीवर धूळ नाही. चेनला ताजं तेल. टाकीत अर्ध्याच्या वर पेट्रोल. मी विचारलं, चालवतं कोण? डोमाजी म्हणाले, 'आमच्या घरी कोणी चालवत नाई.' टाकीच्या उजव्या बाजूचा रंग कुणीतरी खरवडून काढला होता, हातभर लांबीचा पट्टा, आणि त्यावर वेगळ्याच काळ्या रंगाचा हात फिरवला होता. विचारलं तर म्हणाले, बैलाचं शिंग लागलं. इतकं सरळ रेषेत शिंग मारणारा बैल मी अजून पाहिलेला नाही.

किक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा उलटी बसली आणि पोटरी बधिर झाली. डोमाजी घरात गेले, बाहेर आले आणि म्हणाले, 'काटा मधात आला का मंग मारा, म्हणते.' टाकीजवळच्या छोट्या डायलमधला काटा मधोमध आणून किक मारली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. 'म्हणते' म्हणजे कोण म्हणते, हे मी विचारणार होतो, पण इंजिनच्या आवाजात ते राहून गेलं.

कागद पाहिले. सगळे डोमाजींच्या नावावर, सगळे चोख. मग मी म्हटलं, दोन दिवस चालवून पाहीन आणि मग सांगेन, बदल्यात घड्याळ ठेवून जातो. त्यांनी घड्याळ घेतलं नाही. 'ओळखीनं आले ना तुमी, घेऊन जा,' म्हणाले. अनोळखी माणसाला गाडी अशी हातात देणारा माणूस एक तर साधू असतो, नाही तर त्याला ती दारातून घालवायची असते. डोमाजी मला साधू वाटले नाहीत.

आता गाडीबद्दल, कारण तुम्ही त्यासाठीच वाचताय. गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. सायकलवरून भारी गाडीवर येणारा माणूस पहिले दोन तास थांबायचं म्हटलं की गिअर बदलतो. नागपुरात शिरल्यावर सक्करदऱ्याच्या गर्दीत मी एका फुलवाल्याच्या गाड्यापाशी असाच थांबायचं तिथं थांबलो नाही. त्यानं काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. इतवारीच्या गल्ल्यांमध्ये गाडी वळवायची तर म्हशीला समजावल्यासारखं हळूहळू समजवावं लागतं. कमी वेगात इंजिन तापतं, त्याबरोबर मांडीही तापते. शहरासाठी गुण द्यायचे तर काठावर पास.

महालातल्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवली. त्यानं कान लावून ऐकलं, प्लग काढून पाहिला, आणि इंजिनमध्ये काही दोष नाही असं जरा नाराजीनंच सांगितलं. मग म्हणाला, 'भाऊ, इतकी साजरी गाडी इतक्या स्वस्तात कोणी देऊन राहिला, म्हणजे कोणीतरी मेलं हाय याच्यावर.'

रविवारी सकाळी तर्रीपोहे खाऊन सावनेरकडे निघालो. मानकापूर ओलांडलं आणि गाडी बदलली. जी गल्लीत कण्हत होती ती मोकळ्या रस्त्याला लागल्यावर एका लयीत बोलायला लागली, हँडल शांत झालं. कोराडीच्या वीजघराच्या चिमण्या डावीकडे येऊन मागे गेल्या. पुढे कोळशाचे ट्रक भेटतात, त्यांच्या मागे राहू नका. डोळ्यात कण जातात आणि पांढरा सदरा दुपारपर्यंत करडा होतो. पाटणसावंगीला चहा घेतला. मला ती गाडी आवडली होती, हे तिथे माझ्या लक्षात आलं आणि मी आणखीच सावध झालो. आवडलेल्या वस्तूत माणूस खोट बघत नाही.

सावनेरला मुलगी धावत आली आणि टाकीवर चढून बसली. कुसुम आली ती सरळ त्या खरवडलेल्या पट्ट्यापाशी. तिनं पदरानं तो पुसला, उन्हात तिरपं बघितलं आणि मला बोलावलं. काळ्या रंगाखाली ब्रशानं लिहिलेल्या अक्षरांचे उंचवटे दिसत होते. शेवटचा शब्द 'भेट' होता हे मलाही वाचता आलं. आमच्या लग्नातल्या प्रत्येक स्टीलच्या डब्यावर आणि गडव्यावर कुसुमच्या मामांनी तेच कोरून घेतलं होतं, सप्रेम भेट आणि खाली नावं.

'आंदणात देल्लेली गाडी आहे ही,' कुसुम म्हणाली. 'जावयाचं नाव खरवडलं आहे. पोरीचं काय झालं थे विचारलं काय तुमी?'

मी विचारलं नव्हतं. मी फक्त प्लग तपासून घेतला होता. मिस्त्रीचं बोलणं मला आठवलं. कुसुमनं मुलीला टाकीवरून खाली उतरवलं आणि सांगितलं की हे कळल्याशिवाय ती स्वतः या गाडीवर बसणार नाही आणि मुलीलाही बसू देणार नाही, मग आपण आणखी चार वर्षं असेच राहिलो तरी चालेल. तिनं केलेली वांग्याची भाजी मी घाईघाईनं संपवली.

तसाच उलटा कुहीला गेलो. जाताना संशयाची गोष्ट पूर्ण रचून झाली होती. मुलगी हुंड्यापायी गेली असणार, जावई फरार असणार, उद्या तो किंवा पोलीस माझ्या दारात येणार. डोमाजी अंगणात बसले होते. मी गाडी लावली आणि सरळ विचारलं, ही जावयाला दिलेली गाडी परत कशी आली, आणि कागद तुमच्या नावावर असले तरी उद्या तो माझ्या दाराशी उभा राहून चोरीची गाडी म्हणाला तर?

चोरी हा शब्द मी जरा मोठ्यानं बोललो असणार, कारण आतून एक बाई बाहेर आली. पंचविशीची, हाताला धानाचं तूस लागलेलं. ही इंदू, त्यांची मुलगी. जिवंत, धडधाकट आणि माझ्यावर चिडलेली.

'चोरीची नाई, भाऊ. मी आणली,' ती म्हणाली. 'कळमेश्वरहून. एकटीनं.'

नवरा कळमेश्वरच्या कारखान्यात होता. मित्रांना गंमत दाखवायला त्यानंच तिला गाडी शिकवली होती, नऊवारीतल्या बाईनं भारी गाडी चालवली की ते टाळ्या वाजवायचे. मग पिऊन मारायला लागला. दोनदा ती एस.टी.नं माहेरी यायला निघाली आणि दोन्ही वेळा त्यानं तिला स्टँडवरूनच परत नेलं. तिसऱ्या वेळी, तो दुपारी झोपलेला असताना, तिनं गाडी काढली आणि नागपूरच्या भर बाजारातून, दिघोरी नाक्यावरून, पाचगावच्या खड्ड्यांतून कुहीला आली. तेव्हापासून गाडी पुसणारी, तेल देणारी, पहाटे कुणी उठायच्या आत तलावापर्यंत फेरी मारणारी तीच होती.

'तुमाले गाडीचा भरोसा पायजे ना?' ती म्हणाली. 'थ्या दिवशी मले मांग पाहाचीही हिंमत नव्हती. एकवार बंद नाई पडली.'

मी तरी विचारलंच, तो मागायला आला तर? ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, तो येणार नाही. बायको आपलीच गाडी चालवत पळून गेली, हे त्याला चारचौघांत सांगावं लागेल.

मग विकता कशाला? तिला नागपूरला नर्सिंगला जागा मिळाली होती, वसतिगृहात गाडी ठेवू देत नव्हते. यावर डोमाजी बोलले. 'पेंटरले बसवून मीच लिहून घेतलं होतं. खरवडलंही मीच. पण मले थे अजून दिसते.' सौदा तिथेच झाला आणि किंमत कमी करायचं मी विसरलो.

निघताना इंदूनं टाकीवर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला आणि मग स्वतःच गेट उघडून दिलं.

तेव्हा निकाल असा: शहरात जड, हायवेला राजा, पेट्रोल स्कूटरपेक्षा जास्त पिते, आणि बंद पडत नाही. शेवटचा मुद्दा मी पुढे रोज सावनेर-नागपूर करून पडताळून पाहिला आहे. मी रोज रात्री घरी जेवू लागलो आणि मुलीनं मला पाहुणा म्हणणं सोडलं.

पण प्रवासातलं खरं काय उरलं म्हणाल तर पुढचा रविवार. सगळी हकिगत कुसुमला आधीच सांगून झाली होती. त्या दिवशी ती म्हणाली, 'मलेही शिकवा.' मी विचारलं, काहून वं? शाळा तर घरासमोरच आहे. ती म्हणाली, 'येत असलेलं बरं.'

शाळेच्या मैदानावर मी तिला शिकवलं. ती माझ्यापेक्षा लवकर शिकली. एके दिवशी दोन फेऱ्या मारून झाल्यावर ती माझ्याकडे न बघता फाटकातून बाहेर पडली आणि गाडीचा आवाज छिंदवाड्याच्या रस्त्याला लागून ऐकू येईनासा झाला. मुलीचं बोट धरून मी मैदानात उभा राहिलो. ती परत आली, हसतच आली. पण ती येईपर्यंत, लग्न झाल्यापासून मी तिला काय काय बोललो होतो, ते मी एकेक करून आठवत होतो.