डोळे आखणारीची झोप

डोळे आखायला बसली की ती आधी मूर्तीला बजावायची, "हलू नको हां." मग श्वास धरायची आणि एका दमात पापणीची रेघ ओढायची. हमरापूरच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात मी मूर्तींना पॉलिश पेपर मारते. माझा हात थरथरला तरी कुणाला कळत नाही. तिचा थरथरला तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळायचं.

आता ती रोह्याला लेकीकडे राहते. मेलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल गोड बोलायची मला गरज नाही. हट्टी होती.

रात्रीचं जेवण झालं की मोबाइल घेऊन आडवी व्हायची. आधी मालिका, मग भांडणांचे व्हिडिओ, मग कुणाची तरी भाजी. "पडूनच असते गो, म्हणजे आरामच की," असं मला सांगायची. सकाळी कारखान्यात डोळे लाल आणि जांभयांवर जांभया.

एका मोसमात तिने आखलेल्या बारा गणपतींच्या वरच्या पापण्या खाली उतरल्या. रोह्याचा व्यापारी रांगेकडे बघत राहिला. म्हणाला, "शेठ, यांना रात्रपाळी होती काय?"

आम्ही बायका हसलो. ती नाही हसली. व्यापारी गेल्यावर शेठ तिला म्हणाला, "पंधरा दिवसांनी दहा मूर्ती देतो. डोळे सरळ आले तर ठीक, नायतर पॉलिशला बस."

माझ्या शेजारी बसणं ही शिक्षा, याचा मला राग आला. पण वीस वर्षांचं काम तिच्या हातून जाणार, तेही दिसत होतं.

"मोबाइल सोड," मी म्हटलं.

मोबाइलचा उजेड पिवळा असला की झोप मोडत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिने मखराचा पिवळा जिलेटीन पेपर मोबाइलवर चिकटवला. दोन दिवसांनी म्हणाली, "मालिकेतल्या सगळ्या सुनांना कावीळ झाल्यासारखी दिसते."

"आणि झोप?"

"कावीळ उतरते का ते बघत बसले."

मग दिवेलागणीला तिचा मोबाइल मी माझ्या घरात आणून ठेवायला लागले. आमच्या दोन घरांत एकच भिंत.

"लेकीचा फोन आला तर?"

"हाक मारीन."

पहिल्या संध्याकाळी ती तीनदा आली. मीठ मागायला, मीठ परत करायला आणि तारीख विचारायला.

"भिंतीवर कॅलेंडर हाय ना तुझ्या?"

"त्यात कायपण हलत नाय."

दुसऱ्या दिवशी तिने शिव्या दिल्या. मीही दिल्या. तिसऱ्या दिवशी जेवून माझ्या ओटीवर उद्याचं बिरडं सोलायला बसली आणि वालाचा दाणा हातात धरूनच कलंडली. मी उठवलं नाही. मोबाइलचा मुक्काम मात्र माझ्याकडेच राहिला.

ठरल्या दिवशी शेठने दहा मूर्ती तिच्यापुढे मांडल्या. दुपारपर्यंत ती जागची उठली नाही. मी पेपर मारत होते, पण लक्ष तिच्याकडे. त्यात एका उंदराचा कान गेला.

शेठ बघायला आला. कारखान्यात तो चपला घालूनच फिरतो. मूर्तीचा अजून देव झालेला नाय, म्हणतो. पहिल्या मूर्तीपुढे वाकला, मग दुसरीपुढे. पाचवीपर्यंत गेला, थांबला, मागे फिरला. दाराशी चपला काढून ठेवल्या आणि मग येऊन उरलेल्या पाच बघितल्या.