सापळ्यातलं ल्युर

कारंजा गावाजवळ वांग्याचा मळा करणाऱ्या साधनाचा सकाळपासून एका जागी पाय ठरत नव्हता. पुण्यात राहणारा मुलगा हर्षल घरी येतच नाही, म्हणून तिनं फोनवर खोटंच सांगितलं होतं, "बापाची छाती दुखून राह्यली." तो धावत आला, तर बाप मजेत वांगी तोडत होता.

पोरगा रागावला नाही, हेच तिला जास्त खुपलं. ती उगाच कामगंध सापळ्यातलं ल्युर बदलू लागली. त्याच्या वासानं नर पतंग मादी समजून आत येतात आणि अडकतात.

"ल्युर करणं म्हंजे भुलवून बोलावणं," हर्षल म्हणाला. "इंग्रजीत हा शिकाऱ्यायचा शब्द. उडालेला पाळीव ससाणा परत यावा म्हणून ते पिसांचा झुबका फिरवत."

"मंग येये तो?"

"येये. पण आल्यावर घास नाही भेटला, तर पुढच्या खेपेले नाही."

साधनानं सापळा तसाच सोडला, बांधावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि भरताची वांगी भाजायला टाकली.