गंगम्माच्या जागेवरचं आरक्षण

गंगम्माला मी तोंडावर येडी म्हणलेली हाय, आता ती मेल्यावर कशाला लपवू? एवढी भाबडी बाई मी जल्मात बघितली न्हाई. आमचं वावर तिच्या बांधाला लागून. ती लिंगायत, आम्ही मराठे. आमच्यात जाळतात, त्यांच्यात बसवून पुरतात, आन ज्याला वावर हाय तो आपल्याच वावरात पुरतो. बहात्तरच्या दुष्काळात तिचा नवरा भीमाशंकर खडी फोडता फोडता कामावरच गेला. त्याला तिनं गावाबाहेर, नांदेड रोडच्या कडंला, आपल्या दीड एकरात समाधी दिली.

इथवर ठीक. पण त्या सालात म्हातारी-कोतारी पटापटा जात होती. ज्यांना वावर न्हाई ते लिंगायत आपलं मढं घेऊन हिच्याकडं यायचे. ही म्हणायची, "आणा बापा, माती काय माझ्या एकटीची हाय का?"

मी म्हणलं, "अगं बये, वावर हाय का मसणवाटा?"

तर मलाच म्हणती, "तेवढीच धन्याला सोबत होती, साखराबाई." घ्या! दर अमावस्येला सगळ्या समाध्यांना चुना लावायची. स्वतःच्या भिंतीला कधी लावला न्हाई.

भिंत तरी कुठली? दीर मन्मथाच्या ओसरीवर कोपऱ्यात पडून असायची. मूलबाळ न्हाई. जाऊ भाकर अशी फेकायची, की कुत्र्याला बरी टाकतात. गंगम्माच्या मनात एकच होतं: आपल्या दीड एकरात, धन्याच्या शेजारी, दोन खोल्या. लोकाच्या वावरात राबून तिनं विटा घेतल्या आन तिथंच रचून ठेवल्या.

मग लातूर जिल्हा झाला आन आमचं गाव फुगायला लागलं. पालिकेनं पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा करायला घेतला. रस्ता कुठून, बाजार कुठं, घरं कुठं. साहेब लोक वावरावावरात फिरून सध्या कुठं काय हाय ते नकाशावर मांडून राहिले होते. आमची बाई लई आनंदली. साहेबांना चहा पाजला, एकेक समाधी फिरून दाखवली.

साहेबानं विचारलं, "अजून आणतात का इथं कुणी?"

"आणतात की! मी कुणालाच न्हाई म्हणत न्हाई."

साहेबानं समाधीला हात जोडले आन नकाशावर खूण केली. ही पळत मला सांगायला आली, "साहेबानं धन्याला हात जोडले बघ!"

वर्ष-दोन वर्षांनी ती खोल्यांची परवानगी मागायला पालिकेत गेली. मी सोबत होते. इंजिनिअर म्हणाला, "बाई, तुमच्या जागेवर आराखड्यात स्मशानभूमीचं आरक्षण आहे. बांधता येणार नाही."

"पण साहेब, माझं वावर हाय ते."

"पालिका घेईल ना तुमच्याकडून, निधी आला की."

"कधी?"

"ते मी कसं सांगू? हरकत घ्यायला मुदत दिली होती. पेपरात आलं होतं, नकाशा बाहेर लावला होता. तुमचे दीर येऊन बघून गेले की."

घरी येऊन तिनं विचारलं, "भावजी, तुम्हाला ठावं होतं?"

मन्मथ सुपारी कातरत म्हणाला, "होतं की. तुम्ही बोंब मारली असती, आन साहेबानं स्मशान सरकवून माझ्या वावरात आणलं असतं. आता नकाशात माझ्या वावरात घरं दाखवलीत, वहिनी." वर हसला, नालायक!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गंगम्मा कुदळ घेऊन वावरात गेली. आधी धन्याची समाधी फोडली, मग सगळ्यांच्या. वरून भाड्याचा नांगर फिरवून घेतला. लोकांना कळलं तसे धावत आले आन तिला तिथंच तुडवलं. ज्यांना तिनं फुकट माती दिली, त्यांनीच. मी आडवी पडले, न्हाईतर मेलीच असती.

सुजलेल्या तोंडानं ती पुन्हा पालिकेत गेली, इंजिनिअरला घेऊन आली. "बघा साहेब, आता इथं काय बी न्हाई."

तो जीपमधून उतरला बी न्हाई. "बाई, आता वर काय दिसतं त्याचा उपयोग नाही. आराखडा मंजूर झाला."

विटा मन्मथानं उचलून नेल्या. त्याच्या वावराचे प्लॉट पडले, त्यांच्या कंपाउंडाला त्या विटा लागल्या. त्यानं माडी बांधली. गंगम्मा जुन्या ओसरीवरच राहिली आन तिथंच मेली. पालिकेनं काही ती जागा घेतली न्हाई.

"मला धन्याच्या उजव्या अंगाला बसवा," एवढंच तिचं शेवटचं मागणं. आम्ही तिला तिथं नेलं. पण धनी कुठं? सगळं तिनंच सपाट केलेलं. मी अंदाजानं जागा दाखवली, माणसांनी खणलं, तर हाडं लागली. थोडं सरकून खणलं, तिथं बी हाडं.

मन्मथानं घड्याळ बघितलं. "कुठं बी बसवा रे," म्हणाला, "सगळं मसणच हाय की."

बसवली. तिच्या उजव्या-डाव्या अंगाला कोण हाय, ते कुणालाच ठावं न्हाई.