काठोकाठ भरलेला बॉयलर

बायको वारली आणि लाखनीतलं घर खायला उठलं, म्हणून मी नोकरी धरली ती थेट परदेशातल्या नदीवर. लोकांना वाटलं, फेकतोय. "राइस मिलचा बॉयलरवाला जहाजावर काय करन बे?" अरे, तेच करणार! वाफेवर चालणारं जुनं जहाज होतं ते, पर्यटकांना फिरवणारं. वाफ सांभाळणारी माणसं आता तिकडे मिळत नाहीत. मी वीस वर्षं उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये तूस जाळून वाफ काढलेली. सर्टिफिकेट होतं, एजंट भेटला, गेलो.

देशाचं नाव घेत नाही. कप्तान अजून तिथंच आहे.

चार उन्हाळे त्या जहाजावर काढले. लग्नाची वऱ्हाडं, शाळेच्या सहली, हातात हात धरून बसलेली म्हातारी जोडपी, सगळ्यांना माझ्या वाफेनं नदीवरून नेलं. थंडी पडायच्या आत मला घरी पाठवायचे. जहाज हिवाळ्यासाठी बंद करून ठेवायचं काम कप्तान आणि त्याचा मिस्त्री करायचे. कप्तान सत्तरीचा, भारी तिरसट. आम्ही बोलायचो ते फोनमधल्या भाषांतरातून, भांडायचोसुद्धा त्यातूनच. पण माझ्याशिवाय तो जेवायला बसत नसे. एवढं करणारं तर घरीही कोणी उरलं नव्हतं.

पाचव्या वर्षी युद्ध नदीपर्यंत आलं. फेऱ्या बंद झाल्या, मिस्त्रीला सैन्यात नेलं. एका सकाळी निरोप आला, परदेशी माणसांना सरहद्दीवर नेणारी शेवटची बस दुपारी सुटणार. जहाज पुन्हा कधी चालेल, देव जाणे. म्हटलं, निदान बॉयलर तरी नीट ठेवून जाऊ. आमच्या मिलमध्ये हंगाम संपला की बॉयलर काठोकाठ पाण्यानं भरून बंद करतात. आत हवा राहिली नाही की गंज धरत नाही. तसाच भरला, झडपा आवळल्या. कप्तानानं मला बसमध्ये नेऊन बसवलं. दार लागलं तेव्हा मी रडलो, खोटं कशाला बोलू?

दिवाळीनंतर लाखनीच्या बसस्टँडवर चहा पीत होतो. टपरीवाल्यानं फ्रीजरमधून फुटलेली काचेची बाटली काढली आणि स्वतःवरच चिडला. "काठोकाठ भरून ठेवली न मी! बरफ झाल्यावर फुटनच!"

तिकडे हिवाळ्यात अख्खी नदी गोठते. कप्तानानं फोटो दाखवले होते. वीस वर्षं बॉयलरवर काढलीस तू, अक्कल काय गहाण ठेवली होती बे? भर रस्त्यात मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

तिथंच उभ्या उभ्या कप्तानाला लिहिलं : बॉयलरचं पाणी सोडा, आजच सोडा. एक टिक आली. दुसरी येईना. फोन लावला तर लागेना.

हिवाळाभर तीच एक टिक पाहिली. मी परत मिलमध्ये लागलो होतो. सोबतचे विचारायचे, "जहाजवाले भाऊ, लढाई काय म्हनते?" मी म्हणायचो, "चालू आहे." चोराच्या मनात चांदणं, वाटायचं, यांना सगळं कळलंय. घरी येऊन भात शिजवायचा, भिंतीकडे बघत खायचा. सांगणार कोणाला? आणि सांगून समजणार कोणाला?

होळीनंतर दुसरी टिक आली. मागोमाग कप्तानाचं उत्तर : "बॉयलर फाटला. तोफगोळ्यांच्या हादऱ्यानं. तुझ्या पाण्यानं नाही. शांत झोप."

मला राग आला. मी काय लहान पोर आहे? लिहिलं, "वीस वर्षं बॉयलर पाहिलाय मी. खरं सांगा."

दोन दिवसांनी हे आलं : "तू निघालास त्याच दिवशी मी खाली जाऊन पाहिलं होतं. पूर्ण भरलेला होता. रिकामा करायला चार तास लागले असते आणि बस सुटायला एकच उरला होता. तुला बसवून परत आलो, तर सैनिकांनी धक्का बंद केलेला. आत सोडलंच नाही. तुला आधी सांगितलं असतं तर तू बस सोडली असतीस."

सोडली असती. इथं माझी वाट पाहत होतं तरी कोण?