पंखांना टाके घालणारी कोंडाबाई

बेगमपेठच्या विमानतळाच्या कडेला एक जुना फ्लाइंग क्लब होता. तिथल्या दोन माणसांच्या छोट्या विमानांचे पंख कापडाचे असत, हे हैदराबादेत फार थोड्यांना ठाऊक होतं. आणि ते कापड रसूलपुऱ्यात राहणारी कोंडाबाई हणमंते शिवते, हे तर तिच्या शेजारणींनाही खरं वाटत नसे.

"विमान काय परकर हाय का शिवायला?" पलीकडची चतुराबाई विचारायची.

"परकरापेक्षा बरं असतंय," कोंडाबाई म्हणायची. "कमरंत घट्ट झालं म्हणून वापस आणून देत नाही."

कोंडाबाई मूळची नांदेडकडची, कंधार तालुक्यातली. लग्न होऊन श्रीपतीबरोबर हैदराबादला आली तेव्हा तिला वाकळ शिवण्याखेरीज काही येत नव्हतं. वाकळ मात्र अशी शिवायची की चार माणसांनी चार कोपरे धरून ओढली तरी एक टाका हलायचा नाही. श्रीपती क्लबात चौकीदार होता. एकदा त्याचा डबा द्यायला ती हँगरमध्ये गेली, तर तिथले म्हातारे इंजिनिअर हबीबसाब एका नव्या शिंप्याला फैलावर घेत होते. समोर विमानाचा पंख आडवा ठेवलेला, निम्मं कापड चढवलेलं. कोंडाबाई डबा हातात धरून बराच वेळ बघत राहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "टाका ढिला हाय."

हबीबसाब वळले. "क्या बोले अम्मा?"

श्रीपतीचा चेहरा पडला. कोंडाबाई मात्र आपल्या मोडक्या दखनीत म्हणाली, "धागा ढीला है बोली मैं. मेण नक्को लगाना क्या?"

"तुम करते क्या?"

"हौ. करती."

त्यांनी तिच्या हातात हातभर लांब सुई दिली. पंखाच्या आत लाकडी फासळ्या असतात; सुई वरून खाली घालायची, फासळीला वळसा देऊन परत वर काढायची, गाठ मारायची आणि दोन-अडीच इंचांवर पुढचा टाका. सगळं शिवून झालं की वरून डोप नावाचं रोगण फासायचं. ते वाळलं की कापड ताशाच्या कातड्यासारखं ताणलं जातं. पहिल्या दिवशी कोंडाबाईनं बारा टाके घातले. हबीबसाबांनी चष्मा लावून बाराही तपासले, एकेक नखानं ओढून पाहिला आणि शिंप्याला घरी पाठवलं.

त्याला पंधरा वर्षं झाली. बेगम बाजारातून मेण आणि जाड दोरा निवडून आणणं हे तिचंच काम झालं. क्लबातली अनेक विमानं तिनं पंखापासून शेपटीपर्यंत दोन-दोनदा शिवली. पण ती स्वतः एकदाही विमानात बसली नव्हती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं.

चौऱ्याण्णव साल उजाडलं. सरकारनं आकाश खुलं केलं होतं, नव्या खासगी विमान कंपन्या निघत होत्या आणि वैमानिक कमी पडत होते. क्लबात मुलीही शिकायला येऊ लागल्या. त्यांतली गौरी कोंडाबाईची लाडकी. घरचे पुण्याचे, वडील बालानगरच्या एका कारखान्यात साहेब, राहायला कुकटपल्लीत. तोंडानं सतत बडबड, हातात मात्र कमालीचा सफाईदारपणा.

त्या फेब्रुवारीत चार-पाच क्लबांनी मिळून बायकांसाठी लांब पल्ल्याची विमान शर्यत जाहीर केली. आपल्या भागात असं काही प्रथमच होत होतं. पहिल्या दिवशी हैदराबादहून औरंगाबाद, दुसऱ्या दिवशी परत. दोन्ही वेळा वाटेत नांदेडजवळच्या एका साखर कारखान्याच्या जुन्या धावपट्टीवर दोन तासांचा सक्तीचा थांबा. विमानात दोघी हव्यात; एकीजवळ परवाना हवा, दुसरीनं वाट सांगायची. सहा विमानांनी नावं दिली. गौरीची जोडीदारीण होती सत्यवती, तिच्याच वर्गातली.

शर्यतीला चार दिवस उरले असताना सत्यवती पेढे घेऊन आली. नव्या विमान कंपनीचं बोलावणं आलं होतं. मुलाखत मुंबईत, आणि नेमकी शर्यतीच्याच दिवशी. गौरीनं तिला मिठी मारली, पेढा खाल्ला आणि मग हँगरच्या मागे जाऊन रडली. कोंडाबाई तिथंच बसून कापडाच्या पट्ट्या कातरत होती.

"कशाला रडायलीस?"

"मावशी, आता माझ्याबरोबर कोण येणार? बाकीच्या मुली नवीन आहेत, त्यांच्या घरचे सोडत नाहीत."

"त्या दुसऱ्या बाईला काय करावं लागतंय?"

"नकाशा बघायचा आणि खाली काय दिसतंय ते सांगायचं."

कोंडाबाईनं कात्री खाली ठेवली. "नांदेडच्या वाटंला खाली काय हाय ते मला ईचार की. वीस वर्षं एसटीनं जाऊलाले मी."

गौरी रडायची थांबली. तिनं कोंडाबाईकडे असं पाहिलं जणू ती प्रथमच दिसत होती.

हबीबसाब हसले, मग गंभीर झाले आणि शेवटी म्हणाले, "रूल में कहाँ लिखा है कि नक्को?" अडचण घरातूनच आली. श्रीपतीनं संध्याकाळी जेवण सोडलं.

"वर गेलीस आन् काही झालं तर?"

"पंधरा वर्षं लोकांची लेकरं माझ्या टाक्यांवर वर जायलीत. तवा तुम्हाला भेव वाटलं नाही. आता मी जायले तर वाटायलंय?"

श्रीपतीनं ताट पुढं ओढलं आणि म्हणाला, "स्वेटर घेऊन जा. वर गार असतंय म्हणं."

आता प्रश्न नकाशाचा. तो होता इंग्रजीत, आणि कोंडाबाई साक्षरता वर्गात जेमतेम मराठी वाचायला शिकलेली. तिची मुलगी रोशनी इंग्रजी शाळेत आठवीला होती. तिनं नकाशा जमिनीवर पसरला आणि नावं वाचून दाखवायला बसली. आईसाठी तिनं ती मराठीतही लिहून दिली. पण रोशनीचं मराठी लिहिणं असं, की निजामसागरचं 'नीजमसगर' झालं आणि बोधनचं 'भोजन'.

"भोजनावरून उडायचं व्हय?" कोंडाबाईनं विचारलं आणि मायलेकी पोट धरून हसल्या.

मग कोंडाबाईनं आपली वाट काढली. पंखाचं उरलेलं कापड घेऊन तिनं त्यावर नकाशा शिवला. निळ्या दोऱ्याची गोदावरी आणि मांजरा, काळ्या दोऱ्याचा रेल्वेमार्ग, लाल गाठी म्हणजे गावं. रोशनी मोजपट्टीनं अंतरं सांगत होती, आई टाके घालत होती. निजामसागरचा जलाशय मात्र तिनं निळ्या चिंधीतून अगदी तंतोतंत कापून लावला, कारण गौरीनं बजावलं होतं, "मावशी, परतीला त्याच्या धरणावरून जायचंच आहे. पंच तिथं बसून विमानांवरची अक्षरं टिपून घेणार. चुकलो तर मागे पडलो."

शर्यतीच्या सकाळी कोंडाबाई स्वेटर घालून, पदर कमरेला खोचून विमानात बसली. श्रीपती आणि रोशनी कुंपणाशी उभे होते. इंजिन सुरू झालं तसे तिचे दात वाजायला लागले. भीतीनं की थरथरीनं, ते तिलाही कळेना. विमान पळालं, उचललं गेलं, हुसेनसागर बशीएवढा झाला. कोंडाबाईनं खाली पाहिलंच नाही. तिचे डोळे डोक्यावरच्या पंखाकडे होते. वारा कापडाखालून भरत होता, फासळ्यांच्या ओळी उठून दिसत होत्या, आणि एकूण एक टाका जिथल्या तिथं होता.

"मावशी, बरं आहे ना?" गौरी ओरडून म्हणाली.

"धरलंय गं!" कोंडाबाई ओरडली. "समदं धरलंय!"

त्यानंतर तिनं खाली पाहिलं आणि मग तिला पाहणं पुरेना. गोदावरी दिसली तेव्हा तिनं दोन्ही हात जोडले आणि पुढच्या क्षणी गौरीच्या दंडावर थाप मारून म्हणाली, "डावीकडं घे. त्यो धूर बघ. कारखाना त्योच."

ऊस गाळपाचे दिवस होते. धावपट्टीच्या भोवती बैलगाड्यांची रांग, आणि विमानं बघायला आलेली ही गर्दी. गर्दीत फेटा बांधून कोंडाबाईचा थोरला भाऊ नामदेवराव उभा होता. बहीण विमानातून उतरताना पाहून त्याला "जय भीम" एवढंच म्हणता आलं. कोंडाबाईनं त्याच्या पाया पडून विचारलं, "दादा, ज्वारी कशी हाय औंदा?"

सगळ्याजणी मांडवात जेवायला बसल्या. पिठलं-भाकरीचा दुसरा घास घेतला नाही तोच बाहेर आरडाओरडा झाला. गाडीचा सुटलेला एक बैल विमानांपाशी गेला होता. डोपचा वास गुरांना आवडतो म्हणतात. त्यानं गौरीच्या विमानाची शेपटी आधी मन लावून चाटली, आणि लोक धावून येताहेत असं पाहून दचकून मान झटकली. शिंग कापडातून आरपार गेलं. हातभर फाटलं.

गौरी मटकन खाली बसली. "संपलं."

बैलाचा मालक हात जोडून उभा होता. "ताई, गरीब हाय हो त्यो. कधी कुणाला मारत नाही."

"त्याला पाणी दाखवा, लई भ्यालंय जनावर," कोंडाबाई म्हणाली आणि स्वेटरच्या बाह्या वर सरकवल्या. "गौरी, ऊठ. माझा डबा आण."

तिच्या डब्यात भाकरीच्या खाली सुया आणि मेणाचा दोरा होता. कापड आणि डोपचा डबा शर्यतीबरोबर जीपनं फिरणाऱ्या इंजिनिअरकडे मिळाला. हा हेमंत कुलकर्णी नाशिकहून आलेला, कडक माणूस. त्यानं आधीच सांगितलं, "बाई, काम मला पटलं तरच मी सही करणार. नाहीतर विमान इथंच राहील."

"नाही पटलं तर मीच म्हणंल, राहू द्या," कोंडाबाई म्हणाली.

ती उन्हात मांडी घालून बसली. फाटलेल्या दोन्ही कडा सुईनं जवळ आणल्या, ठरावीक अंतरावर गाठ मारत शिवल्या, वरून नागमोडी कातरलेल्या काठाची पट्टी चिकटवली, डोपचा हात दिला, वाळू दिला, पुन्हा दिला. दोन तास संपले. बाकीची पाच विमानं एकामागून एक उडून गेली. प्रत्येक आवाजासरशी गौरी वर बघायची. कोंडाबाईनं मान वर केली नाही. बायाबापड्या कडं करून बसल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं, ही तर वाकळच शिवायली!"

"मग काय तर!" कोंडाबाई हसून म्हणाली. "उडती वाकळ हाय ही."

हेमंत कुलकर्णीनं पट्टी लावून टाक्यांमधलं अंतर मोजलं. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. मग पट्टी खिशात घालून सही केली आणि विचारलं, "बाई, कुठं शिकलात?"

"आईजवळ. मग हबीबसाबांजवळ."

दीड तास वाया गेला होता. औरंगाबादला त्या पोचल्या तेव्हा बाकीच्यांचा चहा होऊन गेला होता. गौरी म्हणाली, "मावशी, आता आपण शेवटच्याच."

"कुणीतरी शेवटचं असतंयच की," कोंडाबाई म्हणाली. "पण उद्या वाट चुकायची नाही."

दुसऱ्या दिवशी कारखान्यावरून परत उडाल्या तेव्हा हवेत धुरकटपणा होता. खालची शेतं दुधात बुडवल्यासारखी दिसत होती. तासाभरानं खाली पाणी चमकलं. पुढची दोन विमानं त्या पाण्यावरून वळून हैदराबादच्या दिशेनं जाताना दिसली. गौरीनंही विमान तिकडे झुकवलं.

"मावशी, निजामसागर आला!"

कोंडाबाईनं मांडीवरच्या कापडावर बोट फिरवलं, मग खिडकीतून पाहिलं, पुन्हा बोट फिरवलं.

"नव्हं. हे गोल हाय. निजामसागरला बोटं फुटलेली हायत, माझ्या चिंधीला सात कोपरे पडले होते. हे दुसरंच तळं हाय. उजवीकडं जा."

"पण त्या दोघी वळल्या ना!"

"वळू दे. त्यांनी चिंधी कापली नाही."

गौरी क्षणभर घुटमळली. होकायंत्र पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि विमान उजवीकडे वळवलं. सात-आठ मिनिटं खाली नुसता धूसरपणा. मग तो पातळ झाला आणि फाटक्या काठांचं ते भलंमोठं पाणी समोर आलं. धरणाच्या भिंतीवर एक माणूस खुर्चीवर छत्री उघडून बसला होता. विमान खाली आलं तसा तो उठून छत्री हलवू लागला. कोंडाबाईनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि वाऱ्यानं तिच्या बांगड्या अशा वाजवल्या की दोघी हसत सुटल्या.

धरण चुकलेली ती दोन विमानं पंचाच्या टिपणात नव्हती म्हणून मागे पडली, आणि शेवटच्या असलेल्या या दोघी सहांत चौथ्या आल्या. पहिल्या तीन जोड्यांना करंडक आणि हार मिळाले, चौथीला काहीच नव्हतं. पण हेमंत कुलकर्णीनं आपल्या अहवालात शेपटीच्या दुरुस्तीवर अर्धं पान लिहिलं. ते वाचून क्लबानं कोंडाबाईला कायम कारागीर म्हणून नेमलं; पंधरा वर्षं ती बोलावलं की येणारी बाई होती. हाताखाली शिकायला दोन मुली दिल्या. रसूलपुऱ्यात चतुराबाईनं स्वतः गल्लीभर फिरून सांगितलं, "आमची कोंडाबाई औरंगाबादला जाऊन आली. वरून!"

गौरीला सहा महिन्यांनी एका खासगी कंपनीत नोकरी लागली. पुढच्या वर्षी शर्यतीत अकरा विमानं होती. या खेपेला तिघीजणी कोंडाबाईकडे आल्या. प्रत्येकीला वाट सांगायला तीच हवी होती. त्यांत एक गेल्या वर्षीची विजेती होती. तिसरी, नल्लकुंट्याची पद्मजा, दाराशीच उभी राहून म्हणाली, "मेरी पहली रेस है अम्मा. डर लगरा."

कोंडाबाईनं तिघींना चहा दिला आणि पद्मजाला जवळ बसवून घेतलं.

"मैं इसके साथ जाती," ती विजेतीला म्हणाली. "तुमकू तो रास्ता मालूमच है."

विजेती जरा रुसली, पण चहा पिऊन गेली. पद्मजाची उजळणी लगेच सुरू झाली. रोशनीनं नवा नकाशा पसरला, आणि कोंडाबाई कोणत्या नदीला कोणता दोरा घ्यायचा ते ठरवायला बसली.